ओले कपडे आधी उतरवा

कारंजा घाडग्याच्या बाजारात प्रभाकरराव गुल्हान्यांच्या अंगठ्याची ख्याती होती. डोळे मिटून कापडावरून नुसता अंगठा फिरवला, तरी ते सांगायचे की सूत कोणतं, किती धुण्यांत विरेल, आणि रंग टिकेल की पहिल्याच पाण्यात जाईल. वयाच्या बाविसाव्या वर्षी बापाच्या गादीवर बसले ते त्रेसष्टाव्या वर्षीही तिथेच होते. मधल्या काळात दुकानात रेडिमेड आलं, जीन्स आली, चमकणारे टी-शर्ट आले. पण दर्शनी फळीवर सुती मालच. "आपन कापसाच्या मुलखातले लोकं," ते गिऱ्हाइकाला सांगत, "कापूस अंगाले कधी दगा देत नाई."

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांची एकुलती एक मुलगी मयुरी नागपूरहून आली. वय एकतीस, तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. घरात जायच्या आधी ती दुकानातच चढली आणि गादीच्या कडेला बसून म्हणाली, "बाबा, मले कपडे पाह्यजेत. ढीगभर."

प्रभाकररावांना काय आनंद झाला! नोकरी लागल्यापासून पोरीने बापाच्या दुकानातलं रुमालाएवढं कापडही नेलं नव्हतं. त्यांनी मागच्या दारातून सुलोचनाबाईंना चहा टाकायला सांगितलं, स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरचं सुती कापडाचं नवं थान काढलं आणि तिच्यापुढे उलगडलं. "हात लावून पाह्य. लोन्यासारखं हाय."

मयुरीने थानावर हात ठेवला, आणि हळूच ते बाजूला सारलं. "हे नाई, बाबा. ज्यात कापूस नाई असं दाखवा."

"मंजे?"

"मंजे बनेनपासून मोज्यापर्यंत. कापसाचं एक सूतही चालत नाई. यादीच हाय माह्याजवळ."

प्रभाकररावांचा हात थानावर होता तसाच राहिला. पोरीने बापाला शिवी दिली असती, तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

"कोठी चालली तू?"

"मेघालयात. गुफेत उतरतो आमी. आठ जन हावोत."

"गुफा मंजे? पचमढीच्या महादेवासारखी?"

"तिथं पायऱ्या अन् लाईट हायेत, बाबा. या गुफेत नदी वाह्यते. कुठी गुडघाभर पानी, कुठी छातीभर. मधात मधात पोटावर सरपटा लागते. सकाळी आत गेलं की बाहेर याले चौदा-पंधरा घंटे लागतात. नकाशा काढाचा असते ना आतला."

चहाचे कप घेऊन दारात आलेल्या सुलोचनाबाईंनी नेमकं एवढंच ऐकलं. कप त्यांनी आधी खाली ठेवले, म्हणून फुटले नाहीत. "लग्नाचं बोलू म्हटलं का हिले टाइम नसते," त्या म्हणाल्या, "अन् भुईच्या पोटात पंधरा घंटे बसाले टाइम हाय! अवो, तुमी काऊन गप हा?"

प्रभाकरराव गप होते, कारण त्यांच्या डोक्यात गुहा अजून शिरलीच नव्हती. ते कापसावरच अडले होते.

मयुरीने समजावलं. पाण्यात भिजला की कापूस पाणी धरून ठेवतो, अंगाला चिकटतो आणि अंगातली ऊब शोषत राहतो. गुहेत ऊन नाही. तिथे एकदा भिजलेलं कापड बाहेर येईपर्यंत वाळत नाही. पॉलिस्टर पाणी धरत नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. म्हणून आतून अंगाबरोबरचे थर्मल, त्यावर लोकरीसारखं फुगीर जाकीट, आणि सगळ्यावरून जाड नायलॉनची एकसंध डांगरी, मेकॅनिक घालतात तशी. पायात लोकरीचे मोजे आणि गमबूट.

"ज्या कापसानं तुले शिकवलं..." प्रभाकररावांनी सुरुवात केली.

"उन्हाळ्यात कापूसच घालीन मी. मे महिन्यात वर्ध्यात कोनी नायलॉन घातलं तर मीच त्याले येडा म्हनीन. हे गुफेचं सांगून राह्यली, बाबा."

ती सोमवारी पहाटेच्या गाडीने परत गेली. यादी गादीवर राहिली. दोन दिवस प्रभाकररावांनी त्या यादीकडे पाहिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती खिशात घालून नागपूरला गांधीबागेत गेले. संध्याकाळी ते थर्मलचे तीन जोड, दोन जाकिटं आणि सहा मीटर जाड नायलॉन घेऊन परतले. प्रत्येक कापडावरून अंगठा फिरवूनच घेतलं होतं. डांगरी शिवायला त्यांनी हायवेवरच्या मोतीलालला गाठलं. ट्रकच्या सिटांची कव्हरं शिवणाऱ्या मोतीलालची मशीन पट्ट्याएवढं जाड कापडही सहज ओढायची.

"गुडघे, कोपरं रेक्झिनचे डबल कर. बाहेरून खिसा नको, कपारीत अडकते. चेनवर पट्टी घाल."

"कोन्या मेकॅनिकसाठी हाय, शेठजी?"

"माह्या पोरीसाठी."

मोतीलालचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. काही विचारावं की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही. त्याने पुन्हा माप विचारलं. रंग मात्र प्रभाकररावांनी स्वतःच्या मनाने निवडला होता, पिकल्या संत्र्याचा. अंधारात पोरगी दिसली पाहिजे.

त्यानंतरच्या मंगळवारी मयुरी रजा घेऊन आली. मंगळवारी दुकान बंद असतं. तिने गादीवर चादर अंथरली आणि पिशवीतून औषधपेटीचं सामान ओतलं. गटाच्या प्रथमोपचाराची जबाबदारी तिच्यावर होती. गुंडाळपट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, जाळीची निर्जंतुक फडकी, हात मोडला तर बांधायच्या वाकणाऱ्या फळ्या, दुखण्याच्या गोळ्या, जखम धुवायचं औषध, साखर-मिठाची पाकिटं, कात्री, सेफ्टी पिना, शिटी, पेन्सिल, कागद, आणि गारठलेल्या माणसाला गुंडाळायची, घडी करून मुठीत मावणारी चंदेरी पन्नी.

प्रभाकररावांनी गुंडाळपट्टी उचलून अंगठा फिरवला. "हा त कापूस हाय!"

"तेवढाच चालते," मयुरी हसली, "जखमेवर."

सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात बसवायचं होतं, पाण्यात पडला तरी आत थेंब जाऊ नये असा डबा. भरून झाल्यावर मयुरीने वडिलांना डोळे मिटायला सांगितले. "आता समजा माह्या डोक्यावरचा लाईट गेला, अन् कोनाच्या तरी पायातून रगत वाहून राह्यलं. पट्टी काढून द्या."

प्रभाकररावांनी हात घातला तो पहिल्यांदा कात्रीवर पडला, मग गोळ्यांवर. पट्टी सापडेपर्यंत मयुरीने तीसपर्यंत आकडे मोजले. त्यांनी डोळे उघडले, डबा पुन्हा रिकामा केला आणि गल्ल्याजवळून सुतळी आणली. रक्ताच्या सामानाच्या पाकिटाला एक गाठ, मोडलेल्या हाडाच्या सामानाला दोन, गारठ्याच्या सामानाला तीन. बोटांना कळेल एवढ्या मोठ्या गाठी. मग स्वतः डोळे मिटून प्रत्येक पाकीट काढून दाखवलं. मयुरी बघतच राहिली. आठ जणांत हे कोणालाच सुचलं नव्हतं.

बापलेकीचं असं छान चाललेलं असताना ती फाईल समोर आली. आठ जणांचे आरोग्याचे अर्ज होते त्यात, डब्यासोबत न्यायचे. मयुरी आत पाणी प्यायला गेली होती. प्रभाकररावांनी सहज वरचा कागद पाहिला. पोरीचाच होता. रक्तगट, उंची, वजन, आणि खाली तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'जुनी इजा: डावा खांदा निखळला, तीन वर्षांपूर्वी, गुहेत. बाहेर यायला अकरा तास.'

तीन वर्षांपूर्वी मयुरी स्कूटीवरून पडली होती. घरी तसंच तर सांगितलं होतं तिने. प्रभाकरराव नागपूरला धावत गेले होते, गॅरेजवाल्याशी ब्रेकवरून कडाडून भांडले होते, आणि पोरीचं काही न ऐकता ती स्कूटी विकून मोकळे झाले होते.

मयुरी तांब्या घेऊन बाहेर आली. बापाच्या हातातला कागद तिने पाहिला.

"किती खेपा गेली तू?"

"ही पाचवी हाय."

"पाचवी."

"तुमी जाऊ देल्लं नसतं, बाबा."

"त्या गॅरेजवाल्याले मी काय काय बोललो, मालूम हाय तुले? त्याची माय काढली मी!"

मयुरीला हसू आलं होतं की रडू, हे तिचं तिलाच कळलं नसावं. ती खाली मान घालून बसली. सुलोचनाबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि ते त्या घरात क्वचितच घडत असे.

"आनखी काय लपोलं?" प्रभाकररावांनी विचारलं. "डब्यात काय हाय, वहीत काय हाय, सगळं दाखव. आता मी सगळं वाचीन."

मयुरीने निमूटपणे वही काढून दिली. प्रथमोपचाराची होती, तिनेच मराठीत लिहिलेली. गटातले सगळे इकडचेच होते, आणि संकटात माणसाला आपलीच भाषा सुचते, असं तिचं म्हणणं. पानं प्लास्टिकमध्ये बंद केली होती. प्रभाकररावांनी चष्मा लावला आणि रागारागातच वाचायला घेतलं. रक्त वाहणे. हाड मोडणे. तिसरं पान गारठलेल्या माणसाचं होतं.

'एक: वाऱ्यापासून आडोशाला आणा. दोन: आडोसा मिळाला की ओले कपडे आधी उतरवा, अंग टिपून कोरडे करा, मगच गुंडाळा. ओल्यावर कोरडे गुंडाळू नका. तीन: हातपाय चोळू नका. चार: बसवू नका, चालवू नका; आडवे ठेवा, हळू हाताळा. पाच: थरथर थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असे समजू नका.'

प्रभाकररावांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही मांडीवर ठेवली आणि ते समोरच्या बंद शटरकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेलेला पाहून सुलोचनाबाई पुढे आल्या. "काय होऊन राह्यलं तुमाले? छातीत दुखते का?"

"भैय्याजी," ते म्हणाले.

भैय्याजी ढोले म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. कारंज्यापासून सहा किलोमीटरवर त्याचं गाव, नाल्याकाठी वावर. तीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, सोबत गारा आणि बोचरा वारा. नाल्याला पाणी चढलं. पाण्याची मोटर वाहून जाईल म्हणून भैय्याजी रात्रभर कमरेइतक्या पाण्यात तिला दोराने धरून उभा राहिला. सकाळी तो बांधावर पडलेला सापडला. त्याची बायको आनंदाबाई आणि दोघं शेजारी त्याला बैलगाडीत घालून कारंज्यात घेऊन आले. वर्ध्याला न्यायला जीप मिळेपर्यंत त्याला ठेवलं कुठे? गुल्हान्यांच्या दुकानात, ह्याच गादीवर.

प्रभाकर तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. दोस्ताचे दात वाजत होते, अंग लटलट कापत होतं. प्रभाकरने फळीवरच्या कोऱ्या सुती चादरी ओढल्या, एक नाही, सहा, आणि भैय्याजीच्या भिजलेल्या बंडी-धोतरावरूनच त्या घट्ट लपेटल्या. स्वतः त्याचे तळपाय चोळले, हात चोळले, मांड्या चोळल्या, जीव तोडून चोळल्या. थोड्या वेळाने भैय्याजीचं कापणं थांबलं. दारात बाजार गोळा झाला होता. प्रभाकर त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला होता, "थांबली थरथर! ऊब लागली त्याले. वाचला!"

लोकांनी सुस्कारा टाकला होता. कोणीतरी म्हणालं होतं, दोस्त असावा तर असा. मग जीप आली. भैय्याजीला प्रभाकर आणि एका शेजाऱ्याच्या मध्ये बसवलं. वर्धा यायच्या बरंच आधी त्याचं डोकं प्रभाकरच्या खांद्यावर पडलं, ते पुन्हा उचललं गेलं नाही.

ही गोष्ट गुल्हान्यांच्या घरात मयुरी लहानपणापासून ऐकत आली होती. बाबांनी दोस्तासाठी सहा कोऱ्या चादरी काढल्या, शेवटपर्यंत त्याला सोडलं नाही, अशी अभिमानाची गोष्ट. वही लिहिताना तिला ती एकदाही आठवली नव्हती. आता बापाच्या मांडीवरची उघडी वही पाहून ती जागच्या जागी थिजली.

"हे पाच नंबरचं," प्रभाकररावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "खरं हाय?"

"हो."

"कोनी सांगतलं?"

"डॉक्टरले दाखवून लिवलं, बाबा. थरथर मंजे अंग झगडून राह्यलं असते. ते थांबलं मंजे..." तिने वाक्य सोडून दिलं. "रातभर पान्यात होते ते. तुमी काहीही केलं असतं तरी वाचलेच असते, असं कोनी सांगू शकत नाई."

"अन् मेलेच असते, असं?"

मयुरीने तोंड उघडलं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! स्कूटीचं खोटं तिने तीन वर्षं बेमालूम चालवलं होतं. पण ह्या वेळी बाप तिच्या डोळ्यांत पाहत होता.

"तेही कोनी सांगू शकत नाई," ती म्हणाली.

त्या दिवशी प्रभाकरराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सुलोचनाबाईंना अंगणात पाण्याचा आवाज आला. जाऊन बघतात तर नवरा विहिरीवर सुती बनेन आणि धोतर घालून उभा, अंगावर बादली ओतून घेतलेली, वरून कोरडी चादर गुंडाळलेली. दात वाजत होते, ओठ निळे पडायला आले होते.

"अवो, काय करून राह्यले हे? मरता का!"

"ऊब लागत नाई, सुलोचना," ते म्हणाले. "चादर कोरडी हाय, तरी लागत नाई. उलट चादरच भिजून राह्यली. अर्धा घंटा झाला."

सुलोचनाबाईंनी मयुरीला हाक मारली. दोघींनी मिळून त्यांना आत नेलं, पोरीने तोंड फिरवून आईला सगळे कपडे उतरवायला लावले, पुसून कोरडं केलं, मग गोधड्यांत घातलं आणि गोड चहा घोटघोट पाजला. पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्या अंगात ऊब आली. जसजशी येत गेली तसतसे प्रभाकररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. एवढं सोपं होतं. एवढंसंच करायचं होतं, आणि दुकानात सगळं होतं तेव्हा.

मयुरी म्हणाली, "आनंदाकाकूले काही सांगू नका. काऊन त्या बाईचं दुःख उकरता?"

सुलोचनाबाईंचंही तेच मत. पण आनंदाबाई गेली तीस वर्षं ह्याच दुकानातून लुगडं घेत होत्या, आणि दर वेळी निघताना म्हणायच्या, "तुमी होते बाप्पा त्यायच्याजवळ, तेवढंच समाधान." पुढच्या वेळी हे वाक्य कानावर घेऊन वर लुगड्याची घडी बांधून द्यायची, हे आपल्याच्याने होणार नाही, एवढं प्रभाकररावांना पक्कं कळलं होतं. ते एकटेच गेले.

आनंदाबाई छपरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलगा ज्ञानेश्वर वावरातून जेवायला आला होता, सून मंजुषा आत भाकरी टाकत होती. प्रभाकररावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चादरी, चोळणं, थांबलेली थरथर, जीपमध्ये बसवणं. वहीतल्या पाचही ओळी त्यांना पाठ झाल्या होत्या. त्या त्यांनी शाळेतल्या पोरासारख्या म्हणून दाखवल्या.

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला.

"काऊन सांगतलं हे?" ज्ञानेश्वर म्हणाला. बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता. "तीस वर्सानं काऊन सांगतलं? आता मी काय करू याचं?" तो ताटावरून उठला, हात न धुता चपला घातल्या आणि वावराच्या वाटेने चालू लागला. मंजुषाने हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.

आनंदाबाईंच्या सुपात शेंगा तशाच होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "बंडी तुमी काढत होते, भाऊजी."

"काय?"

"तुमी बंडीचे बंद सोडाले घेतले होते. मी तुमचा हात धरला. म्या म्हटलं, चार लोकायच्या समोर त्यायले उघडं नका करू. मंग तुमी चादरी ओढल्या."

प्रभाकरराव बाजेवर बसले. त्यांनी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. गादी आठवली, चादरीचा कोरा वास आठवला, दोस्ताचे बर्फासारखे तळपाय आठवले. आनंदाबाईंचा हात काही केल्या आठवेना. त्या खरं बोलत होत्या, की प्रभाकररावांच्या पदरातलं ओझं काढून स्वतःच्या पदरात घेत होत्या? त्यांनी आनंदाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ किंचित उघडे होते, आणि त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होत्या.

"मले काय मालूम होतं, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "मले लाज वाटली होती."

"वहिनी, मलेही मालूम नव्हतं."

मंजुषाने न विचारता दोन पेले पाणी आणून ठेवलं. प्रभाकरराव निघताना आनंदाबाईंनी त्यांना थांबवलं. "हा पोट्टा रातची लाईन आली का वावरात पानी ओलाले जाते," त्या म्हणाल्या. "थंडीत जाते. भिजून येते. त्याले काय सांगाचं, ते मंजुषाले पुन्हा एकदा सांगा. हळू सांगा, ती ध्यानात ठेवीन." मंजुषा पिठाच्या हातांनी पुढे येऊन बसली, आणि प्रभाकररावांनी सगळं पुन्हा सांगितलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मयुरी गेली. नागपूरच्या स्टेशनवर प्रभाकरराव डब्यापर्यंत गेले. औषधांचा डबा त्यांनी स्वतः उचलून सिटाखाली सरकवला. कुठलाही उपदेश केला नाही. सुलोचनाबाईंनी तेवढा केला. पुढे कधी दोन, कधी चार दिवस फोन लागत नसे, डोंगरात रेंज नव्हती. प्रभाकरराव दुकानात बसून गिऱ्हाईक करत आणि मधूनच पंख्याच्या बंद पात्यांकडे बघत राहत.

त्याच दिवसांत एका दुपारी ज्ञानेश्वर दुकानात आला. महिनाभर त्याने तोंड दाखवलं नव्हतं. दारात उभा राहूनच म्हणाला, "मंजुषा सांगून राह्यली, पान्यात ऊब राह्यते असं बनेन हाय म्हने तुमच्याकडे."

प्रभाकररावांनी गांधीबागेतून पुन्हा आणलेला थर्मलचा जोड काढून पुढे ठेवला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला, घेतला, आणि जायला वळला. मग पुन्हा वळून विचारलं, "बाबा काही बोलले होते का? जीपमधी?"

हे त्याने ह्याआधी कधीच विचारलं नव्हतं. प्रभाकररावांनी गल्ला बंद केला आणि त्याला गादीवर बसवून घेतलं. भैय्याजी जीपमध्ये बोलला होता. जडावलेल्या जिभेने, तुटक तुटक, मोटर वाचली का, एवढंच दोनदा विचारलं होतं.

"तुमी काय सांगतलं?"

"वाचली म्हटलं. वाचली होती ना."

ज्ञानेश्वरने मान हलवली. त्याचा चेहरा दगडासारखा होता. जेवणवेळ झाली तेव्हा तो उठून गेला.

मयुरी फेब्रुवारीच्या मध्यात आली. वाळलेली, कोपरांवर खपल्या, संत्र्याच्या रंगाची डांगरी मातीने ओळखू येईना. दारात पाय ठेवताच, पिशवीही खाली न ठेवता ती म्हणाली, "आधी सांगून टाकतो, मंग पानी घेईन. पन्नी एकदा काढा लागली, बाबा."

"कोनासाठी?"

"माह्यासाठी. नवव्या दिवशी. लय वेळ पान्यात थांबलती मी, नकाशाचं माप घेत. मले वाटे मी बरी हावो. आमच्यातल्या आकांक्षानं ओळखलं. तिच्या डोक्यावरचा लाईट माह्याच तोंडावर होता, तीन गाठींचं पाकीट अंधारात काढलं तिनं."

सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं माय! अन् हे हसत सांगते! आता जाऊन पाह्य तू पुन्हा, तंगडंच तोडतो तुह्यं! पाच खेपा कमी झाल्या होत्या का..."

प्रभाकरराव उंबऱ्याजवळच्या पायरीवर बसले. त्यांनी बायकोला हाताने थांबवलं.

"सांगू दे तिले," ते म्हणाले. "मंग काय झालं?"